रात्री दोन वाजता मातीचा काय उपयोग?

पत्र सोलापुरातल्या एका तेवीस वर्षांच्या मुलीचं. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी.चं दुसरं वर्ष, प्रकल्प रब्बी ज्वारीच्या मुळांभोवती राहणाऱ्या जिवाणूंवर. वडील यंत्रमागावर टॉवेल विणतात. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात. दमा जुना. डिसेंबरात एका रात्री दोनच्या सुमाराला त्यांना मोठा अटॅक आला. पंप मारला, पुन्हा मारला, फरक पडेना. आईने त्यांना आडवं केलं, हिने ओव्याची वाफ दिली, आत्या म्हणाली धोतऱ्याच्या पानांची धुरी द्या. रिक्षा मिळून दवाखान्यात पोचेपर्यंत पाऊण तास गेला. ऑक्सिजन, नेब्युलायझर, इंजेक्शनं झाली आणि तीन दिवसांनी अण्णा घरी आले. ड्युटीवरचे डॉक्टर तेवढ्यात बोलून गेले, "घरात सायन्सची मुलगी असून इतका उशीर?" तेव्हापासून हिला लॅबमध्ये जावंसं वाटत नाही. 'माणूस श्वासासाठी तडफडतो आणि मी मुळांची माती धूत बसते,' असं ती लिहिते. गाइड म्हणतात नेटची परीक्षा दे, पीएच.डी. कर. हिला ते सोडून क्लिनिकल रिसर्चचा दीड लाख फीचा खाजगी कोर्स करायचाय, मामा कर्ज काढून देणार आहे. आई म्हणते नोकरी बघ. शेवटी प्रश्न असा: 'मातीवर संशोधन करणं हा माझा स्वार्थ आहे का?'

तुझं पत्र चार पानी आहे. त्यातलं दीड पान एका काचेच्या नळीबद्दल आहे, तिच्याकडे नंतर येते. आधी ती रात्र.

त्या डॉक्टरांचं वाक्य तू तीन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवून काढलंयस. रात्रभर उभा असलेला माणूस पहाटे असं काही बोलतो, तेव्हा त्यात वैताग जास्त असतो. आणि सायन्सची मुलगी म्हणजे तरी काय गं? आपल्याकडे फुफ्फुसाची आकृती काढून नावं दिली की मार्क मिळतात. पंप तोंडात कसा धरायचा, श्वास किती वेळ रोखायचा, पंप संपला हे कसं ओळखायचं, यातलं काही बारावीला नसतं, बी.एस्सी.ला नसतं आणि तुझ्या एम.एस्सी.लाही नाही. हे शिकवायचं काम पंप लिहून देणाऱ्याचं. इतक्या वर्षांत अण्णांना कुणी ते पाच मिनिटं बसून दाखवलं नाही, याचा राग यायचाच असेल तर तो तिकडे जाऊ दे.

'पंप मारला, पुन्हा मारला, फरक पडेना.' मी या ओळीपाशी थांबले. तो पंप आणला कधी होता? साधारण पंपात २०० फवारे असतात. औषध संपलं तरी डबीत वायू शिल्लक राहतो. दाबलं की फुस्स आवाज होतो, धूर दिसतो, आणि सगळ्यांना वाटतं औषध गेलं. बऱ्याच पंपांना फवारे मोजणारा आकडाच नसतो. पाण्यात टाकून तरंगतो का बघायची युक्ती लोक सांगतात, तिचा भरवसा नाही. आमच्या सासूबाईंचा पंप देवघराच्या फळीवर असायचा. आवाज येतोय म्हणजे चालू आहे, असं आम्ही घरातले सगळे शिकलेसवरलेले लोक धरून चाललो होतो. एकदा औषधाच्या दुकानात सहज विषय निघाला, तर दुकानदाराने विचारलं, "नेला कधी होता?" चैत्रात नेला होता. दिवाळी तोंडावर आली होती.

म्हणून नवीन पंप उघडला की डबीवर मार्करने तारीख घालायची. रोज चार फवारे लागत असतील तर पन्नास दिवसांत खेळ संपला, हा हिशेब तोंडी होतो. दुसरा पंप फोडायच्या आधी तिसरा घरात हवा.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट कळते, आणि ती मला पंप रिकामा असण्यापेक्षा जास्त काळजीची वाटते. तातडीला मारायच्या निळ्या पंपातलं सालब्युटामॉल हे औषध श्वासनळ्यांभोवती आवळलेले स्नायू सैल करतं. आतली सूज मात्र तशीच राहते. वर्षाला असे तीन किंवा जास्त पंप लागत असतील तर मोठ्या अटॅकचा धोका वाढतो आणि महिन्याला एक लागत असेल तर जिवाचा धोका वाढतो, हे पुष्कळ रुग्णांच्या नोंदींवरून दिसलेलं आहे. दम्याच्या ज्या जागतिक मार्गदर्शक सूचना असतात, त्यांनी २०१९ पासून मोठ्या माणसांचा दमा नुसत्या निळ्या पंपावर सांभाळू नका असं स्पष्ट म्हटलंय. सूज उतरवायला ओढायचं स्टेरॉइड लागतं, तेही बरं वाटत असताना. 'स्टेरॉइड' शब्द ऐकला की आपल्या गल्लीत निम्मे लोक पंप बंद करतात. ओढायच्या स्टेरॉइडची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, गोळीची मिलिग्रॅममध्ये. हा फरक आईला आणि आत्याला समजावून सांगणारी घरात तूच आहेस. बघ, सायन्सची मुलगी इथे कामाला आली.

आता पुढच्या वेळी काय करायचं ते. माणसाला आडवं करू नका, बसवा, किंचित पुढे झुकवून, हात गुडघ्यांवर किंवा टेबलावर. वाफ नको. तिने दमा सुटत नाही, आणि धडपडत्या माणसाशेजारी उकळतं पाणी म्हणजे भाजायची भीती वेगळी. पंपाला स्पेसर लावा, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये बसवायचं पोकळ भांडं. पंप हलवा, एक फवारा सोडा, स्पेसरमधून चार-पाच सावकाश श्वास घेऊ द्या, मग दुसरा. मोठ्या अटॅकमध्ये असे चार ते दहा फवारे, आणि उतार नसेल तर वीस मिनिटांनी पुन्हा. नेमका आकडा, स्टेरॉइडची गोळी घरात ठेवायची का आणि कधी द्यायची, हे अण्णांच्या डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून घे आणि तो कागद फ्रिजवर लाव. ती गोळी लागू पडायला काही तास लागतात, म्हणूनच ती लवकर द्यायची असते. दवाखान्यात पोचल्यावर पहिल्या तासात दिली तर दवाखान्यात भरती व्हायची वेळ कमी जणांवर येते. बोलताना एक वाक्य पुरं होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, माणूस झोपाळल्यासारखा करत असेल, तर वाट बघायची नाही. आणि छातीतली शिट्टी अचानक थांबली, पण त्रास तसाच असला, तर त्याला उतार समजू नका. हवाच आत जात नसते म्हणून आवाज येत नाही. अशा वेळी १०८ लावा. रिक्षा आधी आली तर रिक्षाने निघा, पण वाटेतही फवारे चालू ठेवा.

आत्याला मात्र अगदीच वेड्यात काढू नकोस. धोतरा ओढायची आपल्याकडची पद्धत १८०२ च्या सुमाराला मद्रासहून ब्रिटनला गेली आणि तिकडच्या डॉक्टरांनी ती उचलली. धोतऱ्यात अॅट्रोपिन असतं, ते नळ्या थोड्या सैल करतं. त्याच घराण्यातलं इप्राट्रोपियम आज जोराच्या अटॅकला नेब्युलायझरमध्ये सालब्युटामॉलच्या जोडीला घालतात. अण्णांच्या नेब्युलायझरमध्येही बहुधा होतं. पण पानात विष किती हे कुणी मोजलेलं नसतं आणि धूर स्वतःच दम्याचा वैरी. आत्याचं निदान बरोबर, मात्रा चूक, असं म्हण. ती खूश होईल.

स्पेसरची एक गोष्ट सांगते, कारण तुझ्या प्रश्नाचा निम्मा भाग तिच्यात आहे. लोकांचा विश्वास मशीनवर असतो, पंपावर नसतो. नेब्युलायझरचा घुर्रघुर्र आवाज आला की बरं वाटायला लागतं. प्रत्यक्षात अनेक चाचण्या एकत्र करून बघितल्या, तर जिवावर बेतलेला अटॅक सोडून एरवी पंप आणि स्पेसर नेब्युलायझरच्या तोडीस तोड ठरतो. स्पेसर विकत घेणं परवडत नाही तिथे काय करायचं? केपटाऊनच्या डॉक्टरांनी अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीला बुडाशी पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडलं, पंप घट्ट बसवला, फट बंद केली आणि दमेकरी मुलांवर तिची रीतसर तुलना केली. बाटली विकतच्या स्पेसरइतकीच चालली. १९९९ साली ते छापून आलं. या संशोधनाला महागडं यंत्र लागलं नाही. 'खरंच फरक पडतो का?' असं विचारायची आणि उत्तर येईपर्यंत मोजत बसायची सवय लागली. ती सवय तुला मुळांची माती धुतानाच लागते आहे.

आता तू म्हणशील, बाई मला स्ट्रेप्टोमायसिनची गोष्ट सांगणार. तुझ्या सरांनी सांगितलीच असेल: १९४३, अमेरिका, सेल्मन वॅक्समन यांची प्रयोगशाळा, त्यांचा विद्यार्थी अल्बर्ट शाट्झ, शेणखताच्या मातीतला जिवाणू आणि क्षयावरचं पहिलं प्रभावी प्रतिजैविक. खरी आहे, पण दुसऱ्याच्या लॉटरीची गोष्ट सांगून तुला तिकीट विकल्यासारखं होईल. लाखो नमुन्यांतून एक असा निघतो. तुझ्या ज्वारीच्या मुळांतून औषध निघेल असं कुणी म्हणालं तर हसून सोडून दे.

मला त्या गोष्टीचा पुढचा भाग आवडतो. औषध इंग्लंडला पोचलं तेव्हा ते फारच थोडं होतं आणि रुग्ण पुष्कळ होते. मग कुणाला द्यायचं हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं, यादृच्छिक आकड्यांनी ठरवलं. ५५ जणांना स्ट्रेप्टोमायसिन आणि पूर्ण विश्रांती, ५२ जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटात ४ दगावले, दुसऱ्यात १४. १९४८ साली हे प्रसिद्ध झालं आणि आजच्या औषध-चाचण्यांचा पाया तिथे पडला. ती आखणी करणारे ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल डॉक्टर नव्हते. तरुणपणी त्यांना स्वतःलाच क्षय झाला, वैद्यकीय शिक्षणाचा बेत बारगळला, पत्राद्वारे अर्थशास्त्राची पदवी घेतली आणि मग ते संख्याशास्त्रात गेले. खाटेजवळ उभं राहणाराच रुग्णाच्या उपयोगी पडतो, हे तू धरून चालली आहेस. जरा तपासून बघ.

मुळं आणि फुफ्फुसं तुला वाटतात तितकी लांबही नाहीत. अमेरिकेत अॅमिश आणि हटराइट असे दोन शेतकरी समाज आहेत. वंश जवळचा, खाणंपिणं जवळपास सारखं. अॅमिश लोक घोड्यांनी शेती करतात, मुलं गोठ्याशेजारी वाढतात. हटराइटांची शेती मोठी, यंत्रांची आणि घरापासून दूर. २०१६ साली आलेल्या अभ्यासात अॅमिश मुलांमधलं दम्याचं प्रमाण हटराइटांच्या चौथाईच्या आसपास होतं. त्यांच्या घरातल्या धुळीत जिवाणूंचे अंश कितीतरी पट जास्त सापडले, आणि ती धूळ उंदरांना हुंगवली तर दम्यासारखी लक्षणं कमी झाली. म्हणून अण्णांना गोठ्यात नेऊन बसवू नकोस. हे लहानपणी होणाऱ्या जडणघडणीबद्दल आहे, दमा जडलेल्या माणसाला धूळ वाईटच.

आणि इथे एक नाजूक गोष्ट. पत्रात तू जाता जाता लिहिलंयस की लॅबमध्ये जागा नसल्यामुळे मातीचे नमुने घरी गच्चीवर वर्तमानपत्रावर वाळवतेस आणि जिन्यात चाळतेस. हे आजच बंद कर. अटॅक त्यामुळे आला असं मी मुळीच म्हणत नाही. अण्णा रोज कापसाच्या तुसात उभे असतात, डिसेंबरची थंडी होती, पंपाचं वर सांगितलंच. पण वाळलेली काळी माती चाळणं दमेकऱ्याच्या घरात नको, आणि फक्त धुळीसाठी नको असं नाही. कांद्याच्या सडक्या कंदात वॉल्टर बर्कहोल्डर यांना १९५० च्या सुमाराला जो जिवाणू सापडला, त्याचे भाईबंद मुळांभोवती सुखाने राहतात, पिकाला बुरशीपासून वाचवतात, जैविक कीडनाशक म्हणून त्यांचं कौतुकही झालं. पुढे कळलं की सिस्टिक फायब्रोसिस हा आनुवंशिक आजार असलेल्या माणसांच्या फुफ्फुसात तेच घातक ठरतात. मुळाचा मित्र म्हणजे सगळ्यांचा मित्र नव्हे. गाइडना सांग, चाळायला विभागातच जागा द्या. हे मागताना संकोच करू नकोस, ती त्यांची जबाबदारी आहे. अॅप्रनही घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नकोस.

अण्णांना एक विचार: आठवड्याच्या सुट्टीनंतर पहिल्या दिवशी मागावर छाती जास्त आवळते का? तसं असेल तर ते डॉक्टरांना मुद्दाम सांगा. कापसाच्या तुसाने होणारा बिसिनोसिस असाच वागतो. कायद्याने तो भरपाई मिळणाऱ्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीतही आहे. कामगार विम्याचं कार्ड असेल तर ईएसआयच्या, म्हणजे त्या विम्याच्या, दवाखान्यात नोंद करून ठेवा.

आता कोर्स. क्लिनिकल रिसर्च हे काम चांगलंच आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण अटॅकच्या वेळी काय करायचं ते तिथे शिकवत नाहीत, हे लक्षात घे. तिथे संमतीपत्रं, नोंदी, नियम, तपासण्यांची वेळापत्रकं असतात. तेही तितकंच शांत, कंटाळवाणं आणि चिकाटीचं काम आहे, तुझ्या माती धुण्यासारखंच. फी भरण्याआधी दोन संध्याकाळी काढ. देशातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही, सीटीआरआय, सगळ्यांना फुकट बघता येते. त्यात 'अस्थमा' टाकून चाचण्या कुठे चालल्यात, कुणाच्या हाताखाली, हे बघ. दोन-तीन ठिकाणी फोन करून विचार, समन्वयक म्हणून घेताना तुम्ही हा कोर्स बघता का, की एम.एस्सी. पुरते? मग त्या संस्थेला मागच्या तुकडीतल्या पाच मुलांचे नंबर माग. दिले नाहीत तर मामाचं दीड लाख वाचलं. अशा कोर्सचा विचार करणाऱ्या इतरांनीही हे करावं, मला महिन्याला एखादं तरी पत्र फी बुडाल्याचं येतं.

सोलापुरात राहूनही तुझ्या विषयाला वाटा आहेत. दवाखान्याच्या सूक्ष्मजीव प्रयोगशाळेत थुंकी-लघवीचे नमुने वाढवून कोणतं प्रतिजैविक लागू पडेल ते सांगणारी माणसं लागतात. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. डाळिंबावरचा तेल्या हा जिवाणूचाच रोग, त्याने किती बागा उपटल्या गेल्या हे तुला सांगायला नको. प्रकल्पांतल्या तात्पुरत्या जागा निघतात का, लक्ष ठेव. नेटबद्दल आईला दोन्ही बाजू सांग: जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, म्हणजे ती नोकरीच झाली, पण मिळणं अवघड आहे, दोन-तीनदा बसावं लागेल. तोवर एक वर्ष लॅबची नोकरी आणि रात्री अभ्यास, असा मधला रस्ता मला बरा वाटतो. घरात एकाच्याच छातीवर सगळं घर उभं आहे. अशा वेळी आईचं म्हणणं बाजूला सारणं मला जमत नाही. गाइड रागावतील कदाचित. रागावू देत.

मुळात निर्णय आज करू नकोस. अण्णा घरी येऊन जेमतेम दोन महिने झालेत. रात्री ते खोकले की तू उठून बसतेस, असं तूच लिहिलंयस. एक मोसम पुरा होऊ दे. आत्ता काही ठरवलंस तर ती शिक्षा होईल, आणि शिक्षेची फी दीड लाख फार झाली.

स्वार्थाचं म्हणशील, तर ती नळी. अर्धवट घट्ट माध्यमात पृष्ठभागाच्या किंचित खाली पांढरी पातळ साय धरते आणि हिरवा रंग निळा होत जातो. अॅझोस्पिरिलम हा हवेतला नायट्रोजन पिकाला मिळवून देणारा जिवाणू, तो पकडायची ही रीत ब्राझीलच्या योहाना डोबेराइनर यांनी १९७० च्या दशकात बसवली. आज या जिवाणूचं २५० ग्रॅमचं पाकीट दहा किलो ज्वारीच्या बियाण्याला चोळतात, त्या पाकिटाची आजी ही नळी. तू मात्र यातलं काही लिहिलं नाहीस, फक्त साय कशी दिसली तेच दीड पान लिहिलंस. तुला ते आवडतं. त्याने कुणाचं काही हिरावलं जात नाही.

अण्णांनी एकदा विचारलं, "कसली माती आणतेस गं?" आणि तू म्हणालीस, "तुम्हाला नाही कळणार." हेही तूच लिहिलंयस. ज्या माणसाला मागाच्या आवाजावरून धागा तुटल्याचं कळतं, त्याला हे कळेल. नळी घरी नेऊ नकोस, फोनवर फोटो काढ आणि दाखव. हिरव्याचं निळं का झालं ते ते विचारतील, तेव्हा उत्तर पाठ करून जा.